बसवाल्या बाईंचे वजन

मित्रांनो, माझी मान लांब आहे, पाय चार आहेत आणि चारही पायांना चाके आहेत. मानेच्या टोकाला हूक आहे आणि त्या हुकाला चार पट्ट्यांची एक कापडी झोळी अडकवतात. लांबून पाहिले तर मी पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्यासारखा दिसतो, म्हणून इस्पितळातले सगळे मला बगळाच म्हणतात. पण मी वजनकाटा आहे. जे आजारी लोक उठून साध्या काट्यावर उभे राहू शकत नाहीत, त्यांना झोळीत घेऊन अलगद उचलायचे आणि त्यांचे वजन सांगायचे, हे माझे काम. आता मी बराच जुना झालो आहे. माझा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि एक चाक वळताना कुरकुरते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक जाड चष्म्याचे कारागीर होते. ते माझ्या हुकाला पोलादी वजने टांगायचे, माझ्या तोंडावरचा आकडा बघायचे, वजने काढायचे आणि पुन्हा टांगायचे. शेजारच्या माणसाला ते नेहमी सांगत, की काट्याला दोनच गोष्टी शिकवायच्या असतात. रिकामे असताना शून्य म्हणायचे आणि भरल्यावर जेवढे असेल तेवढेच म्हणायचे. मला या दोन्ही गोष्टी आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर मोहोर मारली आणि मला खोक्यात बंद केले.

खोके उघडले ते थेट अतिदक्षता विभागात. फार आजारी माणसांना जिथे ठेवतात ती ही जागा. प्रत्येक पलंगाशेजारी श्वास देणारे यंत्र, सलाईन टांगायचा खांब आणि आकडे दाखवत सारखे टुकटुक करणारा पडदा. माणसे बहुतेक वेळ झोपलेली असतात. त्यांना ना भूक लागल्याचे सांगता येते, ना पोट भरल्याचे. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी जाते आणि तिच्यातून पातळ अन्न थेंबथेंब जात राहते. ते अन्न किती द्यायचे, औषध किती द्यायचे, हे बरेचसे माणसाच्या वजनावरून ठरते. म्हणून पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता.

मित्रांनो, माझ्याकडून वजन करून घेणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. आजाऱ्याला आधी एका कुशीवर वळवायचे, झोळी अर्धी गुंडाळून पाठीखाली सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती उलगडायची. एकजण डोक्याशी, दोघे बाजूंना, एकजण माझ्या दांड्याशी. विभागाच्या मोठ्या सिस्टर हे सगळे चालवत. त्यांच्या आवाजाला कुणी उलटून बोलत नसे. "पाइप वर धरा, पिशवी वर धरा, वायरी वर धरा. वजन माणसाचं करायचंय, इस्पितळाचं नाही." असे त्या दर वेळी म्हणत. मग वॉर्डातले मामा माझा दांडा हळूहळू दाबत, माणूस गादीपासून वीतभर वर येई आणि मी आकडा सांगे. मामा तो मोठ्याने वाचून दाखवत, बाजारात भाव पुकारावा तसे.

मग नवे पलंग आले. या पलंगांच्या पोटातच काटा होता. बटण दाबले की वजन दिसे. झोळी नको, चार माणसे नकोत. सगळे खूश झाले आणि मला चादरींच्या खोलीत नेऊन ठेवले. माझ्या हुकाला कुणी छत्री अडकवली, कुणी उशांच्या खोळी. मामा अधूनमधून चादरी न्यायला येत तेव्हा माझ्या मानेवर थाप मारून म्हणत, "काय बगळोबा, मासे लागतात का?" बाकी माझ्याशी कुणी बोलत नसे.

नव्या पलंगांची एक अट होती. आजारी माणूस येण्यापूर्वी, पलंग रिकामा असताना, त्याला शून्यावर आणावे लागे. पण तिथे आजारी माणूस येतो तो धावपळीतच येतो. तेव्हा शून्याची आठवण कुणाला राहणार? मग पलंग उशी, पांघरूण आणि शेजारी टांगलेल्या पिशव्या सगळे माणसाच्या नावावर टाकू लागला. लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आणि हळूहळू एक सोपी रीत पडली. आजाऱ्याच्या नातेवाइकांनाच दारात विचारायचे, "वजन किती?" ते सांगतील तो आकडा पलंगाच्या वरच्या पांढऱ्या पाटीवर लिहायचा. एकदा पाटीवर चढला, की तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नातेवाईक काय सांगणार? ज्यांचे माणूस आत नेले जात आहे, त्यांना स्वतःच्या चपला कुठल्या पायात आहेत हेही कळत नसते. एका आईने आपल्या थोराड मुलाचे वजन तो शाळेत होता तेव्हाचे सांगितले होते. एका आत्याबाईंनी सांगितले, "चांगला भरलेला आहे हो आमचा." पाटीवर तेव्हा अंदाजाने काहीतरी लिहिले गेले.

आता मी ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्या बसवाल्या बाई अशाच दारातून आत आल्या. त्या शाळेची बस चालवत. उंच, रुंद खांद्यांच्या आणि आवाज असा, की त्यांना हॉर्न वाजवायची गरज पडत नसे, असे त्यांचे यजमान म्हणत. यजमान घड्याळे दुरुस्त करत. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. सडपातळ, हळू बोलणारे, बोटे बारीक. बाईंना छातीत जंतुसंसर्ग होऊन श्वास घेणे अशक्य झाले होते. स्ट्रेचर दारात थांबले, कुणीतरी वजन विचारले आणि घड्याळजींनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "बासष्ट." एवढा नेमका माणूस, एवढे नेमके उत्तर. पाटीवर बासष्ट लिहिले गेले.

हे सगळे मी पाहिले नाही. माझ्या खोलीत चादरींच्या घड्या घालताना मामा आणि मोठ्या सिस्टर जे बोलत, त्यातून मला कळत गेले. बाईंचा ताप उतरला. जंतू हटले. घशाला छोटे छिद्र पाडून तिथून श्वासाची नळी घातली होती, त्यामुळे त्या जाग्या राहू शकत होत्या, पण बोलू शकत नव्हत्या. आता फक्त एक काम उरले होते. यंत्र बाजूला करायचे आणि त्यांनी स्वतःच्या बळावर श्वास घ्यायचा. तेच जमत नव्हते. रोज सकाळी यंत्र काढून बघत. थोड्याच वेळात बाईंचे खांदे वरखाली होऊ लागत, कपाळावर घाम येई, डोळे मोठे होत आणि यंत्र परत लावावे लागे. रोज तसेच. विभागाचे मोठे डॉक्टर म्हणत की फुप्फुसाचा फोटो साफ आहे, मग अडतेय कुठे? आणि जितके दिवस यंत्रावर जातील तितका नव्या आजाराचा धोका वाढत होता, हे ते घड्याळजींना सांगत नसत, पण सिस्टरांना सांगत.

त्याच सुमारास इस्पितळात नव्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. नळीतून कुणाला किती अन्न जायचे, हे ठरवणे त्यांच्याकडे होते. त्या फार कमी बोलत. मामांनी त्यांना 'मुक्याबाई' असे नाव ठेवले होते, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्या बसवाल्या बाईंच्या पलंगाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. बाईंचे हात सुजलेले होते, बोट दाबले की खळगा पडत होता. पण दंड आणि मांड्या चाचपून पाहिल्या, तेव्हा त्या सुजेखाली काही घट्ट असे लागेना. त्यांनी पाटीवरचे बासष्ट पाहिले, टेपने झोपलेल्या बाईंची उंची मोजली आणि पलंगाचे बटण दाबले. पलंगाने चार किलो दाखवले. कुणीतरी बाई झोपलेल्या असतानाच त्याला शून्यावर आणले होते. पलंगाच्या मते बाई म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढ्या होत्या.

"दुसरा काटा नाही का?" त्यांनी विचारले.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, की एक बगळा आहे, पण त्याच्यावर छत्र्या वाळत असतात.

अशा रीतीने मी बाहेर आलो. मामांनी मला पुसले, चाकाला तेल दिले, तरी ते कुरकुरलेच. झोळी नवी धुतलेली होती. पाइप वर धरा, पिशवी वर धरा, हे शब्द कित्येक वर्षांनी कानावर पडले आणि मला बरे वाटले. बाई वर उचलल्या गेल्या. त्या घाबरल्या नाहीत, इकडेतिकडे बघत राहिल्या. मी आकडा सांगितला. मामा तो पुकारायला गेले आणि मध्येच थांबले.

चौऱ्याण्णव.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सरळ हिशेब मांडला. आजारपणात अंगात पाणी साठते हे खरे. दहा-बारा किलोही साठते. पण बत्तीस किलो पाणी साठलेले माणूस त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. अर्थात काटा बिघडलेला आहे. चादरींच्या खोलीत ठेवण्यापेक्षा त्याला भंगारातच द्यावे, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादे दार लावून घ्यावे तसे ते बोलले.

मित्रांनो, काट्याला याहून वाईट काही ऐकायला मिळत नाही. पण काट्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तो फक्त पुन्हा तोच आकडा सांगू शकतो.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, की काट्याची परीक्षा घेऊ. ज्याचे वजन पक्के माहीत आहे असे काहीतरी झोळीत घालू. डॉक्टर हसले. म्हणाले, मग मीच बसतो. माझे वजन एकाहत्तर, कायम एकाहत्तर, कॉलेजपासून एकाहत्तर. ते खरोखरच झोळीत बसले. पाय लोंबकळत होते आणि पांढरा कोट चुरगळला होता. मामांनी दांडा दाबला. सिस्टरांनी तोंडावर पदर घेतल्यासारखा हात धरला.

मी अठ्ठ्याहत्तर सांगितले.

"बघा," डॉक्टर हवेतूनच म्हणाले. "सात किलो जास्त. बूट आणि चाव्या काही सात किलो भरत नाहीत."

मामा म्हणाले, "चाव्या कुठल्या साहेब? तिजोरीच्या का?"

मोठ्या सिस्टरांनी अगदी नम्रपणे विचारले, की डॉक्टर, आपण स्वतः काट्यावर शेवटचे कधी उभे राहिला होतात? तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाई कोठीतून सलाईनच्या पिशव्यांचे खोके घेऊन आल्या होत्या. लिटरभर सलाईन म्हणजे किलोभर वजन, आणि पिशवीचे थोडे. तिथे कुणाच्या आठवणीचा प्रश्न नाही. डॉक्टर खाली उतरले, झोळीत वीस पिशव्या रचल्या गेल्या आणि मी वीस किलो आणि वर थोडे सांगितले. मग आणखी वीस रचल्या. मी चाळीस आणि वर थोडे सांगितले.

डॉक्टरांनी कोटाची बटणे लावली. एक बटण लावायला जरा ओढाताण झाली. "म्हणजे ते सात किलो माझेच," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला, कारण पुढची गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काटा बरोबर असेल, तर पाटी चूक आहे. आणि पाटी चूक असेल, तर बाई आल्यापासून त्यांना दुसऱ्याच कुणाचे अन्न मिळत आहे.

इथे मला थोडे समजावून सांगावे लागेल. फार आजारी माणसाचे शरीर एखाद्या थंडीत अडकलेल्या घरासारखे वागते. शेगडी पेटती ठेवायला बाहेरून लाकूड आले नाही, तर ते घरातल्याच खुर्च्या आणि कपाटे जाळू लागते. शरीराच्या खुर्च्या म्हणजे स्नायू. हातांचे, पायांचे आणि छातीखालचा तो पडद्यासारखा स्नायू, जो श्वास आत ओढतो. तोही जळतो. वरून मात्र काही दिसत नाही, कारण जिथून स्नायू गेला तिथे पाणी भरते. माणूस भरलेला दिसतो आणि आतून रिता होत जातो. मीही फसतो. पाणी आणि मांस मला सारखेच जड लागते. म्हणून माझ्या आकड्याला सोबत म्हणून आणखी एक आकडा लागतो. आजारी पडण्यापूर्वी माणूस किती होता?

तो आकडा जगात एकाच व्यक्तीला माहीत असणार, असे सगळ्यांना वाटले. ती व्यक्ती पलंगावर जागी होती.

दुपारी भेटीची वेळ झाली तेव्हा घड्याळजी बाईंचा हात हातात घेऊन बसले होते. झोळी माझ्या हुकाला तशीच लोंबत होती आणि मी शेजारी उभा होतो. आहारतज्ज्ञ बाईंनी खुर्ची ओढून घेतली. आधी त्यांनी दोघांना सगळे नीट सांगितले. शेगडीचे, खुर्च्यांचे आणि श्वासाच्या स्नायूचे. घाईघाईत विचारलेला आकडा चुकू शकतो, त्यात कुणाचा दोष नाही, असेही म्हणाल्या. मग त्यांनी बाईंना विचारले, की आजारी पडण्यापूर्वी तुमचे वजन किती होते? बोटांनी दाखवा.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग हात उचलला. सहा बोटे. मग दोन.

आहारतज्ज्ञ बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडेही पाहिले नाही. बाजूचे यंत्र श्वास देत होते आणि घेत होते.

घड्याळजी म्हणाले, "मॅडम, आमच्या घरच्या काट्यावर बासष्टच दिसतं. पण त्या काट्याची सुई रिकाम्यालाच शून्याच्या मागे उभी असते. वीस-एकवीस घरं मागे."

बाईंचे डोळे गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"अगं, मी घड्याळवाला माणूस," ते म्हणाले. आता ते मॅडमशी बोलत नव्हते. "सुई जागेवर नसली की माझी बोटं वळवळतात. दाढी करताना रोज समोर दिसते ती मला. मी हात लावला नाही."

मग त्यांनी खाली बघत, तुटक तुटक, बाकीचे सांगितले. बसच्या डेपोत एकाने सगळ्यांदेखत विचारले होते, की यातली बस कुठली आणि चालक कुठली? सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्या संध्याकाळी घरच्या काट्याच्या बाजूचे चाक फिरले आणि सुई मागे गेली. घड्याळजींना दुसऱ्याच दिवशी कळले. घरातली बाकीची सगळी घड्याळे, काटे, तापमापके त्यांनी एकमेकांशी जुळवून ठेवली होती. हा एक काटा त्यांनी चुकीचा राहू दिला. आणि इस्पितळाच्या दारात वजन विचारले, तेव्हा बाई स्ट्रेचरवर होत्या, पण त्यांचे डोळे उघडे होते.

"तू ऐकत होतीस," घड्याळजी म्हणाले. "मला वाटलं, आत जाताना तरी तुझं मन राखावं. आकड्याचं एवढं असतं हे मला काय ठाऊक?"

मित्रांनो, मी काटा आहे. शून्य हलवणे ही माझ्या जातीत सगळ्यांत मोठी चूक. त्या कारागिरांनी तो घरचा काटा पाहिला असता तर ते जेवले नसते. पण त्या दुपारी त्या काट्याबद्दल मला राग आला नाही. त्याला दोन माणसांनी सांभाळून घेतले होते, आणि दोघांचे एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलणे झाले नव्हते.

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी पुन्हा हात उचलला. दमल्यामुळे तो खाली येऊ लागला, तेव्हा घड्याळजींनी कोपराला आधार दिला. आठ बोटे. मग दोन. मग जरा थांबून तिसरेही बोट वर आले.

त्र्याऐंशी.

घड्याळजींनी आहारतज्ज्ञ बाईंना विचारले, की माझ्यामुळे ही उपाशी राहिली का? त्यांनी गोड खोटे सांगितले नाही. म्हणाल्या, "थोडीफार, हो. पण प्रत्येक तपासणीच्या वेळी आमचे लोक अन्नाची नळी बंद करत होते आणि परत सुरू करायला विसरत होते. ते तुमच्यामुळे नाही. ते आमचं."

त्या दिवसापासून पुष्कळ गोष्टी बदलल्या. पाटीवरचे बासष्ट पुसले गेले. उंची, आधीचे वजन आणि आताची सूज यांचा मेळ घालून नवे प्रमाण ठरले, स्नायू बांधणारे प्रथिन जास्त. मोठ्या सिस्टरांनी फर्मान काढले, की जो हात नळी बंद करील त्याच हाताने ती सुरू करायची, आणि तोवर त्या हाताला चहा मिळणार नाही. मामांनी हा नियम फार मनापासून पाळायला लावला. पलंगावर पडल्या पडल्या बाईंकडून हातपाय हलवून घेणे सुरू झाले, कारण नुसते खाऊन स्नायू बनत नाही, त्याला कामही लागते.

आणि मला रोज बोलावणे येऊ लागले. गंमत अशी, की माझा आकडा उतरू लागला. ब्याण्णव. एकोणनव्वद. पंच्याऐंशी. घड्याळजी घाबरले. त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंना कॉरिडॉरमध्ये गाठले आणि म्हणाले, अहो मॅडम, खाणे वाढवले आणि ही तर वाळत चालली. त्यांनी समजावले, की हे साठलेले पाणी निघून जाते आहे. बगळ्याला पाणी आणि मांस वेगळे करता येत नाही. ते तुम्ही करा. रोज तिला तुमची बोटे दाबायला सांगा.

घड्याळजी रोज आपली दोन बोटे बाईंच्या मुठीत देऊ लागले. सुरुवातीला त्यांना फक्त ऊब जाणवायची. पुढे दाब जाणवू लागला. एक दिवस ते "आई गं" म्हणाले आणि बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. त्यांनी उशीवरून डोके उचलले, तेही टिकू लागले. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर सांगत होतो आणि पहिल्यांदाच बाई आतून माझ्या चौऱ्याण्णवापेक्षा भरलेल्या होत्या.

यंत्र काढून बघण्याच्या सकाळी मी तिथेच असे. मला परत चादरींच्या खोलीत न्यायचे सगळे विसरले होते. खांदे आता उशिरा वरखाली होऊ लागले. मग अधूनमधूनच होऊ लागले. सगळे सुरळीत झाले असे नाही. मध्ये एकदा पुन्हा ताप आला आणि सगळे मागे गेले. त्या आठवड्यात मोठे डॉक्टर मामांच्या विनोदालाही हसले नाहीत. ताप उतरला. मग एका सकाळी यंत्र बाजूला केले, दुपार झाली, संध्याकाळ झाली आणि ते परत आणले नाही. दुसऱ्या दिवशी ते पुसून दुसऱ्या पलंगाशी नेले. त्या पलंगाला ते हवेच होते.

घशातल्या नळीवर एक छोटेसे झाकण बसवले, तेव्हा बाईंना आवाज फुटला. आवाज फाटका होता, पण हॉर्नच्या जातीचाच. त्यांनी नवऱ्याला पहिले विचारले, "बस कोण चालवतंय?"

घड्याळजींनी चाचरत सांगितले, की बदलीचा एकजण आहे, क्लच जाळतो म्हणतात. बाईंच्या कपाळाला अशी आठी पडली, की मोठ्या डॉक्टरांनी तिला सुधारणेचे लक्षण मानले.

माझे काम तिथे संपले. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येते, त्याला बगळा लागत नाही. मी ज्यांना उचलतो त्यांना पुन्हा भेटू नये, हीच माझ्या धंद्यातली बरकत.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक साधा उभा काटा आहे. घरी जाण्याआधी बाईंना तिथपर्यंत चालत नेले. दार उघडे होते, त्यामुळे मला दिसत होते. एका बाजूला आहारतज्ज्ञ बाई, दुसऱ्या बाजूला घड्याळजी. बाई काट्यावर चढल्या आणि त्यांनी दोघांचे हात सोडले. घड्याळजींनी आकड्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर बाईंच्या गुडघ्यांवर होती, ते लटपटतात का हे बघत. बाकावर भेटीला आलेली चार-सहा माणसे बसली होती. बाईंनी मान वाकवून स्वतःच आकडा वाचला आणि पुकारला, मामांपेक्षाही मोठ्याने.

"चौऱ्याहत्तर."

बाकावरचे लोक वर बघू लागले. कुणी हसले नाही. बाई खाली उतरल्या आणि भिंतीला न धरता जिन्याकडे निघाल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना लिफ्टकडे वळवले.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामावर आहे. दर आठवड्याला प्रत्येक पलंगाशी माझी फेरी असते आणि दारात कुणी वजन सांगितलेच, तर ते पेन्सिलीने लिहिलेल्या अंदाजाएवढेच मानले जाते. माझ्या चाकाची कुरकुर कुणी दुरुस्त करत नाही. मामा म्हणतात, बगळा येतोय हे लोकांना कळलेले बरे.

तुम्हाला काही सांगायचे झाले तर एवढेच सांगेन. तुमच्या घरातले कुणी आजारी पडले, तर डॉक्टर विचारतील त्याचे खरे उत्तर द्या आणि उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, मोजून घ्या" म्हणा. त्यात लाज नाही. मोजायला वेळ लागतो, चार माणसे लागतात, पण आजारी माणसाचे पोट कुणाच्या आठवणीवर भरत नाही. आणि एक विनंती. कुणाचे वजन कानावर पडले, जास्त असो की कमी, तर हसू नका. तुम्ही हसलात, की कुठल्यातरी घरात कुणीतरी काट्याची सुई मागे सरकवते. मग ज्या दिवशी खऱ्या आकड्याची गरज पडते, त्या दिवशी तो शोधायला माझ्यासारख्या बगळ्याला बाहेर काढावे लागते, आणि प्रत्येक वेळी तो वेळेवर सापडतोच असे नाही.